तैलरंगातला तांब्या

मराठीने तांब्यावरून एक अख्खा रंग घेतला आहे. संस्कृत 'ताम्र'वरून तांबे, त्यावरून तांबडा आणि तांबूस. पहाटे 'तांबडं फुटतं'. पाण्याच्या भांड्याचे नावच तांब्या पडले. पुढे तो पितळेचा झाला, स्टीलचा झाला, तरी नाव सुटले नाही. भांडी घडवणारा तो तांबट, आणि त्याच्या हातोडीसारखा टुक्‌टुक् ठेका धरणारा पक्षीही तांबटच. धातूशी इतका घरोबा असलेल्या भाषेतला माणूस तांब्याचे चकचकीत भांडे समोर ठेवून तैलरंगात काढायला बसला, की तासाभरात त्याच्या लक्षात येते की नळीतला तांबडा रंग इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. तो फासला की भांडे मातीचे दिसते, फार तर गेरू लावलेल्या कुंडीसारखे.

मग तांबे दिसते ते कशाने? ही रीत आपल्याकडे कोणत्या वाटेने आली, ती कोणत्या रंगद्रव्यांवर उभी आहे, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात ती कोणाच्या हातांत टिकली, एवढ्या मर्यादित प्रश्नांचा मी गेली काही वर्षे पाठपुरावा करतो आहे. मी कलाशाळेत शिकलेलो नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी केली. चित्रे पाहण्याची आणि जुन्या पुस्तकांची आवड तिथूनच लागली. त्यामुळे चित्राकडे पाहताना माझे लक्ष आधी विषयाकडे जात नाही, रंगात काय कालवले आहे तिकडे जाते. हा लेख त्या सवयीचे फळ आहे.

दगड आणि धातू

अंबरनाथच्या शिवमंदिराचा आपल्याकडच्या यथार्थ चित्रणाच्या इतिहासाशी थेट संबंध आहे, हे आमच्या गावातही फारसे कोणी सांगत नाही. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले, शिलाहारांच्या काळातले हे मंदिर. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६८ मध्ये, त्या शाळेतील जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली मंदिराची मोजमापे घेण्याचे, रेखाटने करण्याचे आणि शिल्पांचे साचे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोचली होती, त्यामुळे मुंबईहून इथवर येणे सोपे झाले होते.

या कामाचे महत्त्व मला वेगळ्या कारणासाठी वाटते. मंदिराचा दगड काळा बेसाल्ट. त्यावर पडलेला उजेड पसरतो, विखुरतो आणि हळूहळू मावळतो. मूर्तीच्या गालावर जिथे उजेड संपतो आणि सावली सुरू होते, तिथे मधल्या छटा सलग असतात. पेन्सिल तिरकी धरून त्या चढत्या-उतरत्या छटा भरल्या की कागदावर गोलाई उभी राहते. पाश्चात्त्य पद्धतीच्या रेखांकनाचे पहिले शिक्षण हेच होते. आधी प्लास्टरचे पांढरे नमुने, मग दगड, मग माणूस. छायाप्रकाश शिकायला दगडासारखा गुरू नाही.

तांबे मात्र या शिक्षणाला दाद देत नाही. गोल कळशीवर दगडासारख्या सलग छटा भरल्या, तर कळशी गोल दिसेल, धातूची दिसणार नाही. धातूवर उजेडाशेजारी एकदम काळोख येतो, काळोखात मध्येच एक उजळ पट्टा येतो, आणि सगळ्यात लखलखीत ठिपका कित्येकदा सगळ्यात गडद भागाला चिकटून असतो. दगड स्वतःचा आकार सांगतो. तांबे आजूबाजूची खोली सांगते. म्हणून दगडावर हात बसलेल्या विद्यार्थ्यालाही तांब्याच्या भांड्यापुढे नव्याने पाहायला शिकावे लागते. वस्तुचित्राच्या वर्गात मातीच्या मडक्याशेजारी हटकून तांब्याचे किंवा पितळेचे भांडे ठेवण्याची रीत याच कारणाने पडली, असे माझे मत आहे. दोन्ही एकाच उजेडात ठेवली की फरक आपोआप समोर येतो.

तेलाचा गुण

आपल्याकडच्या जुन्या चित्रपरंपरेत धातू दाखवण्याची वेगळी तऱ्हा होती. लघुचित्रात सोन्याचे भांडे दाखवायचे तर खरे सोने वापरत. सोन्याचा वर्ख घोटून, तो कागदावर लावून, वर अकीक फिरवून चमक आणत. चकाकी दाखवायला चकाकणारीच वस्तू वापरायची, हा त्यामागचा सरळ विचार. तैलचित्राने प्रश्न उलटा केला. न चकाकणाऱ्या माती-रंगांतून चकाकी भासवायची, आणि तीही फक्त शेजारशेजारच्या रंगांच्या नात्यातून.

हे तेलानेच साधते, असे नाही. पण तेलाने सोपे होते. जवसाच्या तेलात कालवलेला रंग सावकाश सुकतो. त्यामुळे ओल्या रंगात ओला रंग मिसळून कडा विरघळवता येतात, आणि हव्या तिथे कडा धारदारही ठेवता येते. पारदर्शक रंगाचा पातळ हात सुकलेल्या थरावर देता येतो. शेवटचा उजेडाचा ठिपका जाड, उठावदार ठेवता येतो, म्हणजे खोलीतला खरा उजेडही त्या ठिपक्यावर चमकतो. जलरंगात कागदाचा पांढरा राखून ठेवावा लागतो. तेलात पांढरा शेवटी येतो.

सावळाराम हळदणकरांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र अनेकांना रविवर्म्याचे तैलचित्र वाटते. ते हळदणकरांचे आहे, आणि जलरंगात आहे. बोटांतून झिरपणारा दिव्याचा उजेड त्यांनी जलरंगात पेलला, हा त्यांच्या हाताचा पराक्रम. पण धातूच्या वस्तूचा अभ्यास नवशिक्याने करायचा तर तेल अधिक क्षमाशील. चुकले तर खरवडता येते.

मुंबईच्या कलाशाळेत तैलरंगाची मुळे एकोणिसाव्या शतकातच घट्ट झाली. १८६५ मध्ये आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या, त्या कॅनव्हासवर, तैलरंगात. पेस्तनजी बोमनजी हे त्या कामातून पुढे आलेले मोठे नाव. एकीकडे भिंतीवरच्या मातीच्या, चमक नसलेल्या रंगांची नक्कल तेलात करणारा हा विद्यार्थिवर्ग, तर दुसरीकडे राजा रविवर्म्याने बडोद्याच्या महाराजांसाठी केलेली पौराणिक चित्रे, जी १८९० च्या सुमारास मुंबईच्या प्रेक्षकांनीही पाहिली. रेशीम, जर, दागिने, भांडी तेलात किती खरी दिसू शकतात, हे त्या चित्रांनी सामान्य माणसाला दाखवले. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये कलाशाळेत दाखल झाले, आणि त्यांनी पुढे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आठवणींचे पुस्तक लिहिले. अशी पुस्तके आपल्याकडे थोडी. आपला कलेतिहास बहुतेक नावांचा, पदकांचा आणि विषयांचा आहे. पॅलेटवर काय होते, हे त्यातून कमी कळते.

युरोपात या विषयाचा मोठा धनी म्हणजे फ्रेंच चित्रकार शार्दँ. त्याचे तांब्याच्या पाण्याच्या टाकीचे १७३४ च्या सुमाराचे छोटे चित्र पॅरिसच्या लूव्ह्‌रमध्ये आहे. तीन पायांच्या लाकडी घडवंचीवर उभी तांब्याची टाकी, खाली नळ, शेजारी बादली आणि घडा. राजवाड्यातले सोने-चांदी सोडून त्याने स्वयंपाकघरातले तांबे निवडले. छापील प्रतीत ते चित्र पाहिले तेव्हा मला न्हाणीघरातला बंबच आठवला. त्याच्या तांब्यात चकाकी फार थोडी आहे. बहुतेक टाकी तपकिरी-करडी आहे, आणि मोजक्या जागी फक्त ऊब दिसते. तांबे रंगवणाऱ्याने आधी हे चित्र पाहावे, कारण ते कंजूषपणा शिकवते.

चकाकीचा गुणाकार

आता मूळ प्रश्नाकडे. चिनी मातीच्या बरणीवर खिडकीचा उजेड पडला की चकाकीचा ठिपका पांढरा दिसतो. बरणी निळी असो की पिवळी. कारण तो उजेड वरच्या काचेसारख्या झिलईवरून रंग न घेता परततो आणि बरणीचा स्वतःचा रंग खालून येतो. तांब्यात असे दोन थर नाहीत. तांब्यावरून परतणारा प्रत्येक किरण तांब्याचा कर भरूनच परततो. तांबडा-नारिंगी उजेड नव्वद टक्क्यांहून अधिक परत मिळतो. निळ्या-हिरव्यातला साधारण निम्मा किंवा थोडा जास्त. बाकीचा धातूतच राहतो. म्हणून तांब्यावरची चकाकी शुभ्र नसते. तिच्यात पिवळसर गुलाबी झाक असते. नवशिका तिथे नळीतला शुद्ध पांढरा टेकवतो आणि भांडे तत्काळ प्लॅस्टिकचे होऊन बसते.

यातून एक साधा नियम निघतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सगळी रीत त्या एका नियमात आहे. भांड्यावर जो शेजार दिसतो, त्या शेजाराच्या रंगाला तांब्याच्या रंगाने गुणायचे. पांढरे कापड तांब्यात फिकट शेंदरी-गुलाबी दिसते. पिवळे कापड गडद केशरी होते. तांबडे कापड आपल्या मूळ रंगापेक्षाही तेजस्वी वाटते, कारण तांबे त्यातले जवळजवळ सगळे परत करते. हिरवे कापड शेवाळी-तपकिरी होते. निळे कापड तांब्यात निळे राहत नाही; ते मळकट, जांभळट करडे होते. आणि खिडकीबाहेरचे आकाश भांड्याच्या खांद्यावर निळे न दिसता थंड, राखी गुलाबी दिसते.

या नियमाला एक पोटनियम आहे. भांड्याच्या अगदी कडेला, जिथे पृष्ठभाग आपल्यापासून वळून जातो, तिथे उजेड फार तिरपा लागतो, आणि त्या कोनात तांब्याचा कर कमी होतो. शेजाराचा रंग तिथे बराचसा मूळ रूपात दिसतो. म्हणून कडेची ती केसाएवढी पट्टी भांड्याच्या पोटापेक्षा थंड ठेवावी. ती नेमकी पडली की भांडे मागच्या कापडापासून सुटते.

भांडे ठोकलेले असेल तर गोष्ट आणखी बदलते. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने ठोके घालून भांड्याला घट्टपणा आणि तेज आणण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा खळगा हा एक छोटा आरसा असतो. खिडकी एकाच जागी न दिसता पन्नास खळग्यांत पन्नास वेळा दिसते, प्रत्येकीत जरा सरकलेली. असे भांडे काढताना सगळे खळगे काढत बसणारा थकतो. उजेड आणि काळोख यांच्या सीमेवरचे खळगे तेवढे नीट काढले, तर उरलेले पाहणाऱ्याचा डोळा स्वतःच भरतो.

पॅलेटवर

हे नियम पडताळायला मी भंगारवाल्याकडून वजनावर तीन भांडी घेतली. एक तांब्या, एक ताम्हण आणि एक ठोक्यांचे लहान घंगाळ. पांढरा, पिवळा, तांबडा, हिरवा, निळा आणि काळा असे सहा कपडे घेतले, आणि प्रत्येक भांडे प्रत्येक कापडावर ठेवून, तीच खिडकी आणि दुपारची तीच वेळ धरून, प्रायमर लावलेल्या पुठ्ठ्यांवर अठरा अभ्यासचित्रे केली. चित्र म्हणून त्यांना किंमत नाही. पण त्यांतून पुढील गोष्टी हाती आल्या.

मधली छटा, म्हणजे उजेडात न येणारा आणि सावलीत न जाणारा तांब्याचा भाग, बर्न्ट सायना दोन भाग आणि यलो ऑकर एक भाग यांतून येतो. ऊब कमी वाटली तर त्यात कॅडमियम ऑरेंज अगदी चिमूटभर. पांढरा इथे घालू नये. पांढऱ्याने रंग उजळण्याऐवजी खडूसारखा होतो. उजळ भागासाठी लाइट रेड, यलो ऑकर आणि पांढरा. हे मिश्रण सोललेल्या कोलंबीच्या रंगावर आणावे. गडद भागासाठी काळ्या नळीला हात लावू नये. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन यांचा काळोख थंड होतो, तर अलिझरिन क्रिमझन आणि व्हिरिडियन यांचा उबदार आणि खोल. तांब्याच्या पोटातला काळोख दुसऱ्या जातीचा असतो. पितळेच्या सावलीत जो हिरवट, शेवाळी भाव असतो, तो तांब्याच्या सावलीत आला की भांडे लगेच पितळेकडे झुकते. तांब्या तांब्याचा की पितळेचा, हे उजेडापेक्षा सावलीत ठरते.

क्रम असा. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने सर्वांत गडद भाग बसवायचे. मग मधल्या छटा. मग उजळ भाग. हे सुकल्यावर, तेल थोडे वाढवून, बर्न्ट सायनाचा पारदर्शक हात जिथे ऊब हवी तिथे द्यायचा. खालचा थर पातळ आणि वरचा तेलकट हा जुना नियम पाळला नाही, तर पुढे रंग तडकतो. शेवटी चकाकी, पांढऱ्यात कॅडमियम ऑरेंजचा किंवा यलो ऑकरचा अंश घालून, एका फटकाऱ्यात. तिला पुन्हा हात लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याही पुस्तकाआधी घरातली बाई सांगते. चिंच-मिठाने नुकतेच घासलेले तांबे गुलाबी असते. चिंचेचे आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि उघडे तांबे दिसते. हवेत राहिले की चार-आठ दिवसांत ते केशरी, मग तपकिरी होते. म्हणजे तैलचित्र दोन आठवडे चालले, तर पहिल्या दिवशीचे भांडे आणि शेवटच्या दिवशीचे भांडे एक नसते. यावर उपाय दोनच. रोज घासायचे, किंवा मुळीच न घासता जुन्या तेजावर काढायचे. मी दुसरा मार्ग घेतला. जुन्या तांब्यात रंगांचे भेद अधिक असतात, आणि ते खोटे वाटत नाही.

लोखंडाचे तांबे

आता माझ्या मूळ धंद्यातली गोष्ट. वर सांगितलेल्या मिश्रणांत तांब्याच्या उजेडाची बाजू ज्या रंगांनी उभी राहिली, ते बहुतेक लोखंडाचे आहेत. यलो ऑकर म्हणजे आपली पिवडी, लोहाचे जलयुक्त ऑक्साइड. ती भाजली की पाणी निघून जाते आणि तांबडी होते. सायना माती भाजली की बर्न्ट सायना. लाइट रेड, इंडियन रेड, आपला गेरू, कोकणात भिंतींना लावतात ती काव, ही सगळी एकाच कुळातली. इंडियन रेडच्या नावातच इकडच्या मातीची आठवण आहे. कुंडीला लावायचा गेरू आणि चित्रातले लखलखते तांबे यांत पदार्थाचा फरक नाही. फरक शेजाराचा आहे.

मग खुद्द तांब्याचे रंग कुठे गेले? तांबे रंगद्रव्य झाले की हिरवे किंवा निळे होते. आंबट पदार्थाच्या संगतीत तांब्यावर चढणारा जंगाल लघुचित्रांत हिरवा म्हणून वापरला गेला. त्याने कागद खाल्ल्याच्या खुणा जुन्या चित्रांत दिसतात. १८१४ मध्ये युरोपात तांबे आणि आर्सेनिक यांच्यापासून झगझगीत एमराल्ड ग्रीन तयार झाला. तो इतका विषारी, की पुढे कीटकनाशक म्हणूनही विकला गेला. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथच्या कारखान्यात काचेचे अस्तर तडकलेल्या एका भांड्यात अनपेक्षित निळा पदार्थ आढळला. उघड्या पडलेल्या लोखंडाशी संयोग होऊन तो तयार झाला होता. त्याच जातीच्या संयुगात लोखंडाऐवजी तांबे बसवल्यावर अधिक चांगला निळा मिळाला, आणि १९३५ मध्ये तो मोनॅस्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आला. आज त्याला थॅलो ब्लू म्हणतात. थॅलिक ॲनहायड्राइड, युरिया आणि तांब्याचा क्षार एकत्र तापवून तो करतात. तो टिकाऊ आहे, उन्हात उडत नाही, आणि इतका जोरकस आहे की टाचणीच्या टोकाएवढा रंग अख्खे पॅलेट निळे करतो.

आमच्या प्रयोगशाळेत या निळ्याचे नमुने तपासताना तो तांब्याचा आहे हे मला सूत्रावरून ठाऊक होते, पण त्याचा अर्थ तांब्या रंगवताना लागला. बर्न्ट सायनात थॅलो ब्लूचा कण मिसळला की अतिशय खोल, जवळजवळ काळा, तरीही जिवंत काळोख मिळतो. अल्ट्रामरीनपेक्षाही खोल. म्हणजे या पद्धतीने काढलेल्या चित्रात तांब्याचा उजेड लोखंडाचा, आणि तांबे स्वतः सावलीत.

बोर्ड, वर्ग आणि भंगार

ही रीत आमच्या भागात दोन वाटांनी आली. एक शाळेची आणि दुसरी रस्त्याची.

शाळेची वाट म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय झाले आणि पुढे या परीक्षा त्याच्याकडे आल्या. त्यात वस्तुचित्राचा, आताच्या नावाने स्थिरचित्राचा, पेपर असतो. तिथे तैलरंग नसतो. मुले जलरंग, पोस्टर किंवा रंगीत पेन्सिली वापरतात. पण पाहायला तिथेच शिकतात. बदलापूरमधील एक निवृत्त कलाशिक्षक दरवर्षी परीक्षेआधी महिनाभर वर्गात तांब्याची कळशी मांडत. कळशी त्यांच्या घरची. मुलांना ते कळशीचा रंग विचारत नसत. कळशीत कायकाय दिसते त्याची यादी करायला लावत. खिडकी, फळा, पंखा, बाकावरची मुले, स्वतः सर. यादी झाली की मगच पेन्सिल. गुणाकाराचा जो नियम मी भौतिकशास्त्रावरून मांडला, तो ते अशा रीतीने शिकवत. त्यांची काही मुले पुढे मुंबईच्या कलाशाळांत गेली, लोकलने रोज ये-जा करत तेलात काम करू लागली. कळशी त्यांच्या डोळ्यांत होतीच.

देशी तैलरंगांच्या नळ्यांनी या मुलांना मोठा हात दिला. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईच्या धंद्यातून सुरू केलेल्या कॅम्लिनने पुढे कलारंगांकडे मोर्चा वळवला. त्यामागे सुभाष दांडेकर यांचा रंगरसायनाचा अभ्यास होता. विलायती नळी न परवडणाऱ्या घरातल्या विद्यार्थ्याला बर्न्ट सायना आणि यलो ऑकर हाताशी आले. हे दोन्ही मातीचे रंग नेहमीच सगळ्यात स्वस्त नळ्यांत मोडतात. तांबे रंगवणे त्यामुळे गरिबाच्या आवाक्यातले आहे. महाग फक्त कॅडमियम, आणि ते चिमूटभर लागते.

रस्त्याची वाट उल्हासनगरची. महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. दुकाने उभी राहिली तशी दुकानांना बोर्ड लागले. इथे 'ऑइल पेंट' म्हणजे डब्यातला एनॅमल. सत्तरी ओलांडलेले एक बोर्ड पेंटर मला तिथे भेटले. सिंधीत वडीलधाऱ्याला म्हणतात तसे सगळे त्यांना दादा म्हणतात. सिंधी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही अक्षरे लिहिणारे दादा भांड्यांच्या दुकानाच्या बोर्डावर हंडा-कळशी आणि चेटीचंडच्या मिरवणुकीच्या फलकावर बहराणा साहिबचा कलश काढत. त्यांची रीत चार डब्यांची. जमिनीला रेड ऑक्साइडचा प्रायमर, त्यावर पिवळा आणि केशरी मिसळून उजेडाची उभी पट्टी, एका बाजूला तपकिरी, आणि शेवटी मळवलेल्या पांढऱ्याचा एक फटकारा. पांढरा मळवायचा कशाने, तर त्याच ब्रशला उरलेल्या केशरीने. रेड ऑक्साइड पुन्हा लोखंडच. कलाशाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाला चकाकी शुभ्र नसते हे ठाऊक होते, आणि तांब्याचा पाया लोखंडाचा असतो हेही त्यांच्या हाताला ठाऊक होते. फ्लेक्स आल्यावर दादांचे ब्रश थांबले. आज भांड्यांच्या दुकानावर कळशीचा छापील फोटो असतो.

या दोन वाटांचे ज्ञान कुठे लिहिलेले नाही. कलाशिक्षक निवृत्त झाले की अनेक शाळांत ती जागा रिकामीच राहते. बोर्ड पेंटरची पुढची पिढी वेगळ्या धंद्यात आहे. तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द भांडे. मी तीन भांडी घेतली ती मोडीच्या ढिगातून. घंगाळ, बंब, कळश्या वजनावर विकल्या जातात, वितळतात आणि बहुधा तारेच्या रूपाने भिंतीत परत येतात. पुण्याच्या तांबट आळीत हातोडी अजून वाजते हे खरे. घरोघरची भांडी मात्र माळ्यावरून थेट तराजूवर जातात. जे भांडे रोज पाहिलेच नाही, ते मूल परीक्षेत फोटोवरून काढते, आणि फोटोत त्या मुलाची खिडकी नसते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. कलेतिहास लिहिणाऱ्यांनी नावे आणि पदके लिहावीत, त्याबरोबर मिश्रणेही लिहून घ्यावीत. निवृत्त कलाशिक्षक, बोर्ड पेंटर, जुने चित्रकार यांना एकच विचारावे, की तांब्याची सावली कशाने करता? प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, आणि त्या उत्तरावरून तो कुठे शिकला, कोणाच्या हाताखाली शिकला, कोणत्या नळ्या त्याला परवडल्या, हे बरेचसे उलगडेल. असे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. बदलापूरच्या सरांनी कळशी अजून जपली आहे. तिच्या आतली कल्हई उडाली आहे आणि बुडाला एक पोचा आहे. सरांच्या सांगण्याप्रमाणे मुलांना गोल आकारातला फरक त्या पोच्यामुळेच कळे. ती मोडीत निघण्याआधी एखाद्या शाळेत जावी, एवढी खटपट सध्या चालू आहे.

हा अंक वाचणाऱ्यांना शेवटी एक गोष्ट घरबसल्या करून पाहता येईल. दीनानाथ दलालांच्या काळापासून दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर दिवे, ताटे, कलश येत आले आहेत. असे एखादे रंगीत पान भिंगाखाली धरावे. छपाईत चारच शाया असतात, पिवळी, गुलाबी-तांबडी, निळी आणि काळी. तांब्याच्या उजळ भागात पिवळे आणि गुलाबी ठिपके दाटलेले दिसतील आणि निळे जवळजवळ नसतील. भिंग सावलीकडे सरकवले की निळे ठिपके वाढत जातात. छपाईची ती निळी शाई बहुतेक वेळा थॅलोसायनिनचीच असते, म्हणजे तांब्याची. पानावर जे काही तांबे आहे, ते त्या ठिपक्यांत आहे.